पेयांच्या यादीतलं सहावं नाव

“हे तं आपून पऱ्हाटीवर मारतो न बाप्पा,” मागच्या रांगेतलं कोणीतरी शेजारच्याला म्हणालं. म्हणालं हळूच होतं, पण पडदा हलू नये म्हणून अकोल्याच्या त्या सभागृहातले पंखे नुकतेच बंद केले होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पडद्यावर पेयांची यादी होती. चहा, दूध, ताक, लिंबू सरबत, संत्र्याचा रस. सहाव्या ओळीत एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, देवनागरीत लिहिलेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. कपाशीवरच्या किडीसाठी फवारतात ते विष होतं ते. त्याच्या खाली तशीच आणखी चार नावं.

आधी लोक हसले. “वा रे कॉम्प्युटर! पावण्याले हेच पाजा आता,” कोणीतरी म्हणालं, आणि मागच्या रांगांमधून हशा पुढे सरकला. पुढच्या रांगांपर्यंत येता येता तो थांबला. तिथे वयानं मोठी माणसं बसली होती. त्यांच्यातलं कोणी हसलं नाही.

मी पडद्याच्या बाजूला, लॅपटॉपच्या वायरीजवळ उभी होते. आमच्या ऑफिसच्या सरांनी चुकीचं पान उघडलं असावं असं मला आधी वाटलं. मग सहाव्या नावापुढची छोटी हिरवी खूण दिसली. ती खूण म्हणजे, हे एका माणसानं तपासलं आहे आणि बरोबर आहे असं सांगितलं आहे. खुणेच्या शेजारी टेबलाचा नंबर असायचा. चार.

चार नंबरचं टेबल माझं होतं.

आमचं ऑफिस अमरावतीत, राजापेठेकडे, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. एक मोठी खोली, सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर. पुण्याच्या एका कंपनीसाठी काम चालायचं आणि ते बघायला पुण्याहूनच एक सर आले होते. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. ही माझी पहिली नोकरी. मुलाखतीत सरांनी विचारलं, “मराठी व्यवस्थित वाचता येतं ना?” मी मान हलवली. माझी आई शाळेत मराठी शिकवते हे त्यांनी अर्जात वाचलं होतं. पुढे त्यांनी काही विचारलंच नाही.

खरी गोष्ट अशी की आईनं मला पहिलीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं. मराठी मी बोलायचे नीट, पण वाचताना अडखळायचे. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका इतकंच चालायचं. घरी रोज दोन पेपर यायचे, आईसाठी मराठी आणि माझ्यासाठी इंग्रजी. मी माझाच उघडायचे.

काम समजायला सोपं होतं. इंटरनेटवरचा मजकूर वाचून कॉम्प्युटरनं जगाची माहिती आपली आपण शिकावी, असा तो प्रयोग होता. त्याला सुरुवातीला चार शब्द द्यायचे. चहा, दूध, ताक, सरबत ही पेयं आहेत. मग तो बातम्या, लेख, लोकांनी लिहिलेलं काय काय वाचत सुटायचा आणि हे शब्द कसल्या शेजारात येतात ते बघायचा. ‘चहा प्यायला’, ‘ग्लासभर ताक घेतलं’. त्याच शेजारात दुसरा कुठला शब्द सापडला की तोही पेय, असं धरायचा. नव्या शब्दावरून नवा शेजार, नव्या शेजारावरून आणखी शब्द. हे थांबायचं नाही. आम्ही घरी जेवत असू तेव्हाही तो कुठेतरी वाचत असायचा. एक चूक आत शिरली की तिच्यातून आणखी चुका उगवणार, म्हणून तपासायला आम्ही माणसं.

चुका मजेदार असायच्या. खाण्याच्या पदार्थांत त्यानं पोहे आणि भज्यांच्या शेजारी मार, शिव्या आणि लाच घातली होती. मागच्या टेबलावरचा मुलगा ती यादी मोठ्यानं वाचून दाखवायचा. “पाय बे, याले आपला वऱ्हाड समजला. सकाळी पोहे, दुपारी शिव्या.”

एका कॉम्प्युटरवर दोघं काम करायचे. सकाळी मी, दुपारी माझ्या टेबलावरची दुसरी मुलगी. ती बाळापूरची होती, म्हणून ऑफिसात तिचं नावच ‘बाळापूर’ पडलं होतं. मला सगळे ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचे. तिच्या घरी उर्दू, शाळा मराठी, आणि आमच्याशी बोलणं असं अस्सल वऱ्हाडी की मागच्या टेबलावरचा मुलगाही गप्प बसायचा. अम्मीचा फोन आला की एका श्वासात भाषा बदलायची आणि फोन ठेवला की परत, “सरक वं, माझी वेळ झाली.” तिच्या वडिलांची बाळापूरजवळ काळी जमीन होती, त्यात कपाशी. घरच्यांनी तिला अमरावतीत राहायला एक वर्ष दिलं होतं. नोकरी टिकली तर राहायचं, नाहीतर परत यायचं आणि लग्न. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना, जसं कोणी बसची वेळ सांगतं तसं.

दोघींचा पासवर्ड एकच होता. कॉम्प्युटरला टेबल कळायचं आणि तारीख कळायची. सकाळ की दुपार हे कळायचं नाही.

पानावर वीस नावं यायची आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण आधीच लागलेली असायची. आपण फक्त चुकीची खूण काढायची. शंका आली तर नावाशेजारी ‘पुरावा’ असं बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटरनं ते नाव ज्या ज्या वाक्यांत वाचलं ती सगळी वाक्यं उघडायची. वाक्यं उघडायला वेळ लागायचा, आणि मला ती वाचायला त्याहून जास्त. माझे ओठ हलायचे वाचताना. ते कोणी बघू नये म्हणून मी पुरावा उघडायचेच नाही. शब्द ओळखीचा वाटला की पुढे.

बाळापूर प्रत्येक पुरावा उघडायची. एकदा थांबून तिनं मला विचारलं, “तू पुरावा पायते न वं? तुझी पानं लय लवकर होऊन राहिली.”

“पाहते,” मी म्हटलं.

“मंग ठीक आहे.”

ते सहावं नाव माझ्यासमोर कुठल्या सकाळी आलं ते मला आठवतं. आठवतं कारण ते बघून मला बरं वाटलं होतं. इंग्रजी शब्द होता. मराठी अक्षरांत असला तरी मला तो झटकन वाचता आला. औषधाच्या दुकानातल्या एखाद्या टॉनिकचं नाव वाटलं. टॉनिक पितातच. मी खूण तशीच ठेवली आणि पान पुढे सरकवलं.

माझ्या त्या एका खुणेवरून कॉम्प्युटरनं बाकीची चार नावं शोधली होती. तसल्याच शेजारातली.

अकोल्याचा कार्यक्रम फार महत्त्वाचा होता. शेतकऱ्यांना फोनवर माहिती देणारी सेवा कंपनीला सुरू करायची होती, आणि ती माहिती आमच्या या वाचून शिकणाऱ्या कॉम्प्युटरकडून घ्यायची असं घाटत होतं. म्हणून सभागृहात गावोगावचे शेतकरी होते, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारे कृषी केंद्रवाले होते, दोन-तीन अधिकारी होते. सरांनी आम्हा दोघींना आणि मागच्या टेबलावरच्या मुलाला सोबत आणलं होतं. सरांचं बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतले एक जण म्हणाले, “साहेब, ऊन पाहा बाहेर. आधी प्यायचं काय ते इचारा तुमच्या मशीनले.” सगळे हसले. सर खूश झाले आणि त्यांनी ‘पेय’ असं टाइप केलं.

पुढचं मी सांगितलंच आहे. पण तिथे ते संपलं नाही.

सर गोंधळले, मग सावरले. “असं होतं कधीकधी,” ते म्हणाले. “मशीन स्वतः शिकत असतं ना. पण यानं हे कुठे वाचलं, ते आपण बघू शकतो. हीच तर याची खासियत आहे.” आणि त्यांनी ‘पुरावा’ दाबलं.

वाक्यं उघडली. भिंतभर पडद्यावर, एकाखाली एक. बातम्यांमधली वाक्यं होती. एका गावाचं नाव, एक वय, सहावं नाव, आणि शेवटी ‘प्राशन केले’. दुसऱ्या गावाचं नाव, दुसरं वय, प्राशन केले. तिसरं गाव. काही वाक्यांत माणसाचं नावही होतं. सर खाली सरकवत गेले, कुठेतरी वेगळं काही येईल अशा आशेनं, आणि वाक्यं येतच राहिली. मी पहिल्यांदाच ती वाचत होते. ओठ हलत होते की नाही ते आठवत नाही. मराठी इतकं सोपं मला कधी गेलं नव्हतं. प्रत्येक वाक्य आधीच्यासारखंच होतं.

मागे कोणीतरी एका गावाचं नाव मोठ्यानं वाचलं, “अरे, हे तं...”

सर लॅपटॉपवर काहीतरी दाबत होते, पान बंद होत नव्हतं. तेव्हा बाळापूर उठली. चालत प्रोजेक्टरपाशी गेली आणि तिनं काचेसमोर सरळ आपला तळहात धरला. पडदा काळा झाला. सगळा उजेड तिच्या हातावर, बाहीवर, ओढणीवर आला.

“अगं, काय करतेस?” सर म्हणाले.

“बंद करा सर,” ती म्हणाली. “इथं लोक बसले आहेत.”

प्यायचं काय ते विचारा म्हणणारे काका उठले होते. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली. जाता जाता, कोणाकडेही न बघता म्हणाले, “खोटं नाई शिकलं ते.” त्यांच्या मागून आणखी काही लोक उठले. खुर्च्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी वायर हातात धरून उभी होते. वायर ओढली असती तर सगळं एका क्षणात बंद झालं असतं. ते मला सुचलंच नाही.

नंतर कितीदा तरी विचार केला. शेतकरी सकाळी ते विष पंपात कालवतो, शेतभर फवारतो, हातपाय धुऊन घरी येतो. हे वऱ्हाडात हजारदा होत असेल, पण त्याची बातमी कोण लिहील? इंटरनेटवर चढतं ते दुसरं. कॉम्प्युटरनं कपाशीचं झाड पाहिलं नव्हतं, पंप पाहिला नव्हता. त्याला फक्त आम्ही लिहिलेलं दिसलं, आणि आम्ही त्या नावाबद्दल एकच गोष्ट लिहीत आलो होतो. ते काका म्हणाले ते बरोबर होतं. पण मी तर कॉम्प्युटर नव्हते. मी अमरावतीत वाढले होते. गाव संपलं की दोन्ही बाजूंना कपाशीच होती, आणि दर दिवाळीला बसच्या खिडकीतून ‘किती छान पांढरं’ असं मी म्हटलेलं आहे. आईच्या पेपरात ती वाक्यं रोज आमच्या घरी येत होती, चहाच्या कपाशेजारी घडी घालून.

सभागृहाच्या व्हरांड्यात सरांनी लॅपटॉप उघडला. ते वाईट माणूस नव्हते. पण पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला होता, आणि कोणाचं तरी नाव सांगणं त्यांना भाग होतं.

“चार नंबर,” ते म्हणाले आणि थेट बाळापूरकडे वळले. “मी पहिल्यापासून म्हणत होतो, शंका आली की विचारा. घरी उर्दू असताना मराठीत अडणं मी समजू शकतो. पण न विचारता बरोबर कसं ठरवलंस?”

“सर, मी नाही केलं.”

“मग कोणी केलं?”

“हे मले लहानपणापासून माहीत आहे. आमच्या घरी गोठ्यात वरच्या फळीवर असते, लेकरांचा हात पुरू नये म्हणून. मी अब्बांना पाणी आणून देते कालवायला. मी त्याले पेय म्हणीन काय?”

“मग काय हिनं केलं?” सरांनी माझ्याकडे हात केला. आवाज एकदम मऊ झाला होता, जसा चांगल्या घरातल्या मुलीशी बोलताना होतो. “हिची आई मराठी शिकवते, अगं.”

बाळापूरनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. माझी पानं लवकर व्हायची हे तिनंच तर पाहिलं होतं. मी सांगावं म्हणून थांबली होती, हे मला दिसत होतं. मागच्या टेबलावरचा मुलगा नेहमी बडबडणारा, तोसुद्धा बुटाकडे बघत होता. मी तोंड उघडलं असावं. आवाज आला नाही. वर्गात उत्तर येत असतानाही माझा हात कधी वर गेला नाही, कॉलेजात हजेरीलासुद्धा माझा आवाज प्राध्यापकांपर्यंत पोचायचा नाही. त्या दिवसापर्यंत मी याला लाजाळूपणा म्हणत होते.

“सोमवारपासून येऊ नकोस,” सर तिला म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. मग आत गेली, आणि मी तिथेच टाकून आलेली वायर उचलून तिनं ती नीट गुंडाळली, टोकाला गाठ मारून पिशवीत ठेवली. एवढं झाल्यावरही तिनं ते काम केलं, याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

जीप निघाली. सर पुढे, आम्ही तिघं मागे. अकोल्याहून अमरावती एका बाजूला, बाळापूर दुसऱ्या. थोडं पुढे गेल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, मले स्टँडवर सोडजा. मी इथूनच घरी जाते.”

“सामान?” मागच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं.

“भाऊ येऊन घेऊन जाईन.”

म्हणजे तिनं घरी सांगायचं ठरवलं होतं. आज संध्याकाळी ती चुलीपाशी बसून सांगणार, आणि मग कोणी तिला अमरावतीला परत पाठवणार नाही. सोमवारी मी सरांना हळूच केबिनमध्ये गाठून सांगेन, असं काहीतरी मी मनात जुळवत होते. चिठ्ठी लिहीन. इंग्रजीत लिहीन, मला इंग्रजीत नीट सांगता येतं. पण सोमवारपर्यंत तिच्या घरी सगळं ठरलं असतं.

“तू घरी काय सांगशील?” मी तिला विचारलं. जीपमध्ये बसल्यापासूनचं ते माझं पहिलं वाक्य होतं, आणि तेही फक्त तिला ऐकू जाईल असं.

ती खिडकीबाहेर बघत होती. “काय सांगू? मराठी येत नाही म्हणून काढलं, असं सांगीन.” आणि हसली. “अब्बा लय हसतीन. घरातले सगळे अर्ज मीच लिहिते मराठीत. गल्लीतलेबी.”

स्टँड आलं. ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली. आतून बाळापूर, खामगाव अशी हाक ऐकू येत होती. तिनं पिशवी खांद्याला लावली, माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत खाली उतरली, आणि दार लावता लावता म्हणाली, “येते, कॉन्व्हेंट.” टोमणा नव्हता तो. नेहमी म्हणायची तसंच म्हणाली.

दार लागलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला. सर पुढच्या काचेतून बघत होते. माझा हात दाराच्या खिटीवर होता हे मला नंतर कळलं. दार उघडलं, जीप दचकून थांबली, आणि सर मागे वळले. चारपाच पावलांवर ती पण थांबली होती. स्टँडवरची माणसं बघत होती. मी इतक्या मोठ्यानं बोलले की माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

“सर, ती खूण माझी आहे. पुरावा मी उघडलाच नव्हता. आणि ते काय असतं, तेच मला माहीत नव्हतं.”